हसवण्याआधी ओळख करून घ्या

(बुलढाणा जिल्ह्यातील तरुण कलावंतांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तुमच्यापैकी कुणी कव्वालीला ढोलक वाजवतं, कुणी शाहिरी करतं, कुणी मोबाइलवर विनोदी रील बनवतं. सैलानीच्या यात्रेत गायचं असेल तर समोर कोण बसलंय हे विचारावं लागत नाही. हिंदू असो की मुसलमान, माणूस आपलाच. कुठल्या शब्दाला हशा येईल ते आपल्याला ठाऊक असतं.

पण आपल्याच जिल्ह्यात लोणारही आहे. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेलं ते विवर पाहायला परदेशातून माणसं येतात. २०२० मध्ये त्या सरोवराला रामसर दर्जा मिळाला. उद्या तुम्हाला अशा पाहुण्यांसमोर उभं राहावं लागेल. आणि रील तर आजच दुबईत, नैरोबीत पाहिली जाते.

म्हणून आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मी निवेदन करत होतो. पुढच्या रांगेत आफ्रिकेतून शिकायला आलेला एक विद्यार्थी होता. मी त्याच्या रंगावरून कोटी केली. मंडप हसला. सगळे हसतायत म्हणून तोही हसला. मग त्याने शेजाऱ्याला अर्थ विचारला. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "हा विनोद मी इथे रोज ऐकतो."

रात्री झोप लागली नाही. कारण तसा विनोद मीही ऐकत आलो होतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुसलमान पात्र आलं की गळ्यात रुमाल, तोंडात पान आणि मोडकी हिंदी. मी नीट मराठी बोललो की दाद मिळायची, "अरे, तू मुसलमान वाटत नाहीस!" ज्याची नक्कल होते त्याला कसं वाटतं हे मला माहीत होतं. तरी हातात माइक आल्यावर मी तेच केलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली. त्याचं नाव नीट उच्चारायला त्याच्याकडूनच शिकलो. तेव्हापासून परदेशी पाहुणे असले की काही गोष्टी पाळतो.

पहिली, आधी विचारा. पाहुणे कुठले, त्यांच्यासोबत कोण आहे, कुठल्या गोष्टीवर हसायचं नाही. आपल्याकडे कडक मास्तरला गमतीने 'हिटलर' म्हणतात. जर्मनीत नाझी सलाम करणं हा गुन्हा आहे. तिथल्या माणसासमोर ती गंमत राहत नाही.

दुसरी, शांततेला घाबरू नका. आपल्याला 'वाहवा' आणि टाळ्यांची सवय. जपानमध्ये बरेच श्रोते कार्यक्रम संपेपर्यंत अगदी गप्प बसतात, तो त्यांचा आदर असतो. म्हणून मधेच "टाळ्या झाल्या पाहिजेत" असा धोशा लावू नका. १९८५ मध्ये नुसरत फतेह अली खान इंग्लंडच्या वोमॅड महोत्सवात गायले. शब्द न कळणाऱ्या लोकांसमोर त्यांनी कव्वाली पातळ केली नाही. कव्वाली काय असते हे दोन वाक्यांत सांगा आणि मनापासून गा.

तिसरी, शरीराचीही भाषा असते. अरब देशांत समोरच्याकडे बुटाचा तळ करून बसणं अपमानाचं मानतात. हात पुढे करण्याआधी थांबा, विशेषतः बाईमाणूस असेल तर. तिने हात दिला तर घ्या, नाहीतर छातीवर हात ठेवून सलाम करा. फोटो विचारून काढा. अमिरातीत परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं कायद्यात बसत नाही.

चौथी गोष्ट खास आपल्यासाठी. समोरचा मुसलमान आहे म्हणजे त्याला आपलं सगळं कळतं, असं धरून चालू नका. कव्वाली या उपखंडात वाढली. अरबाला ती नवी असू शकते, इंडोनेशियाच्या माणसालाही. दर्गा, संदल, उरूस हे शब्दही समजावून सांगावे लागतील. धर्म एक असला तरी चालीरीती वेगळ्या असतात.

आणि शेवटची. तुम्हालाही कुणी नमुना बनवू नये. पाहुण्यांना 'मुस्लिम कलाकार' दाखवायचा म्हणून आयोजक शेरवानी घाला म्हणेल, मराठी नको, उर्दूच गा म्हणेल. उर्दू आपली आहेच, जरूर गा. पण वऱ्हाडीही आपलीच आहे. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गाजला, मराठीत. त्यांचे सोबती अण्णा भाऊ साठे यांनी मुंबईत बसून स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. रशिया पाहायला ते गेले १९६१ मध्ये, कितीतरी वर्षांनी. म्हणजे त्या लोकांचं दुःख आधी समजून घेतलं, प्रवास नंतर झाला.

आपल्याला तर हातातल्या मोबाइलवर सगळं विचारता येतं. तेवढं विचारा. तुमच्या विनोदावर समोरच्या रांगेतला पाहुणा हसला, तर त्याला अर्थ कळल्यावरही हसता आलं पाहिजे.