कापड एकाच हातानं कापावं

कलकत्त्यातल्या सियालदह स्टेशनच्या दक्षिण भागातून एक लोकल सुटते. माझेरहाट, संतोषपूर, आक्रा, नंगी अशी स्टेशनं घेत ती हुगळीच्या काठी बजबजला पोचते, आणि तिथे रूळच संपतात. गावात तागाच्या गिरण्या आहेत आणि तेल कंपन्यांच्या मोठमोठ्या टाक्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये परदेशातून परतलेले स्वामी विवेकानंद बोटीनं इथे उतरले आणि इथूनच रेल्वेनं कलकत्त्याला गेले. कॅनडानं परत पाठवलेल्या कोमागाता मारू जहाजाच्या प्रवाशांवर २९ सप्टेंबर १९१४ ला गोळीबार झाला तोही इथेच. स्टेशनच्या पाटीवर आता त्या जहाजाचंही नाव आहे. आमच्या यांची नोकरी तेलाच्या डेपोत, त्यामुळे आमचा संसार या गावात.

शेजार म्हणाल तर निम्मा देश. गिरण्यांमुळे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा आणि आंध्रातली घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. आम्ही काही जणींनी मिळून एक गोधडी करायचं ठरवलं. प्रत्येकीनं एक चौकोन शिवायचा आणि मग सगळे जोडायचे. ‘किती छान कल्पना!’ असं ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो. कल्पना छानच आहे. पण गोधडी कल्पनेवर उभी राहत नाही, ती जोडावर राहते. म्हणून आज मी जोडणीबद्दल बोलणार आहे.

आपली गोधडी तशी पहिल्यापासून अनेकांचीच. आजीचं लुगडं, वडिलांचं धोतर, पोरांचे विटलेले सदरे, सगळं तिच्या पोटात जातं. पण शिवणारे हात एक-दोन बायकांचे. अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर तुकडे मांडायचे, आणि कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. चौकोन सुटे शिवून नंतर जोडण्याची आपल्याकडे रीतच नव्हती. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी नावाची गोधडीही तशीच. कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेनं फिरत मध्यावर शेवट, आणि चार कोपऱ्यांना घडीच्या तिकोनी तुकड्यांची फुलं. ती फुलं नसतील तर कवंदी पुरी झाली असं त्या मानतच नाहीत.

बंगालचा कांथाही मुळात जुन्या कापडांचाच. तीन-चार जुन्या साड्या एकावर एक घालायच्या, त्यांच्याच काठांतून रंगीत दोरा ओढून काढायचा, आणि त्या दोऱ्यानं पूर्ण अंगभर धावदोरा. माझ्या मते कांथा आणि गोधडी यांच्यातला खरा फरक लुगड्याच्या रंगातून आला. बंगाली घरातली जुनी साडी पांढरी, तिला फक्त लाल किंवा काळा काठ. जमीन पांढरी म्हणून दोऱ्यानं चित्र काढता आलं. आपलं लुगडं हिरवं, जांभळं, अंजिरी. त्यावर दोरा दिसणार कुठून? मग आपण चित्र काढलं ते तुकड्यांनीच.

बजबजहून फार लांब नाही, जोक्याला गुरुसदय संग्रहालय आहे. गुरुसदय दत्त आय.सी.एस. अधिकारी. नोकरीनिमित्त बंगालच्या खेड्यापाड्यांतून हिंडताना त्यांनी कांथे, पट, मातीच्या मूर्ती असं बरंच काही जमवलं. तिथे मानदासुंदरी नावाच्या बाईचा एकोणिसाव्या शतकातला कांथा आहे. वडिलांसाठी केलेला, आणि तसं तिनं त्यावर दोऱ्यानं लिहूनही ठेवलं आहे. आपल्या गोधड्यांवर नाव सापडत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, उगाच उदात्त वगैरे वाटत नाही.

सुट्या चौकोनांची पद्धत वाढली ती अमेरिकेत. १८४० च्या सुमाराला बाल्टिमोरच्या बायका एकेक चौकोन करून त्यावर न पुसणाऱ्या शाईनं सह्या करत आणि ते जोडून कुणाला तरी भेट देत. पुढे याच पद्धतीतून एक प्रचंड काम उभं राहिलं. सॅन फ्रान्सिस्कोत क्लीव्ह जोन्स नावाच्या कार्यकर्त्यानं १९८७ मध्ये एड्सनं गेलेल्या माणसांसाठी गोधडी सुरू केली. माप एकच ठरलं : तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढं. बाकी सगळी मोकळीक. कुणी जीन्स शिवली, कुणी टेडी बेअर, कुणी नुसतं नाव. असे आठ तुकडे जोडून बारा फुटांचा एक मोठा चौकोन होतो. त्या वर्षीच्या ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ही गोधडी पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. आज ते पन्नास हजारांच्या घरात आहेत. सगळी एकदम अंथरायला १९९६ नंतर जमलेलं नाही.

माप एक आणि बाकी मोकळीक, हे ऐकायला सोपं आहे. पण घरोघरची मोजपट्टी सारखी नसते. प्लॅस्टिकची टेप वापरून वापरून ताणली जाते. कुणी कापडाच्या कडेपासून मोजतं, कुणी शिवणीपासून. एका चौकोनात पाव इंचाचा फरक पडला तर आठ चौकोनांच्या रांगेत दोन इंच होतो, आणि मग गोधडी जमिनीवर सपाट बसत नाही.

याचं उत्तर आम्हाला पुस्तकात नाही, लोकलच्या वाटेवर मिळालं. संतोषपूर-आक्रा म्हणजे मेटियाब्रूझ आणि महेशतल्याचा भाग, तयार कपड्यांचं मोठं आगर. तिथल्या मालक-कारागिराला ‘ओस्तागर’ म्हणतात. त्याच्याकडे कापड थप्पीनं एकत्र कापलं जातं आणि शिवायला गल्लीबोळातल्या घरांत वाटलं जातं. शिवणारे हात शंभर असोत, कापणारा हात एकच. म्हणून एका घरातली बाही दुसऱ्या घरातल्या अंगाला बिनचूक बसते.

तेव्हा सामूहिक गोधडीची खरी गोष्ट ही : माप सांगू नका, कापलेलं कापड द्या. साडेबारा इंचाचा सुती चौकोन, धुऊन, इस्त्री करून. उभा धागा कुठला त्यावर पेन्सिलीनं बाण. चारी बाजूंना पाव-पाव इंच शिवणीला सोडायचा, ती रेघही आखून द्यायची. रेघेच्या आत जिचं तिचं राज्य. ओडियाभाषक शेजारीण पिपलीच्या चांदव्यासारखी कापडाची नक्षी लावते. मुजफ्फरपूरकडची सुजनीचे टाके घालते. आपल्याकडची कुणी खणाचा तुकडा लावायला बघते, त्याला मात्र मी हात जोडते. खणातलं रेशीम आणि जुनं सुती कापड धुतल्यावर सारखं आटत नाही, शेजारचा चौकोन आखडतो. अगदी लावायचाच असेल तर मधोमध, छोटा.

कांथ्याचा चौकोन वेगळाच त्रास देतो. तो तीन-चार पदरी, बाकीचे एकपदरी. जोडाशी पदर साठून सुई मोडते. त्यासाठी कडेचा अर्धा इंच टाके न घालता सोडायला सांगावं. मग खालचे पदर आतून कापून टाकता येतात, वरचा तेवढा जोडात जातो. आणि एवढं करूनही एखादा चौकोन लहान आलाच तर परत पाठवू नये. त्याला चारी बाजूंनी पट्टी लावून मापात आणावा. पट्टी उभ्या धाग्याची हवी, उरेब नको, ती ताणते. दुसरीचे टाके वाकडे दिसले तरी उसवायला कुणी बसू नये. तो मोह सुईत तरबेज बायकांनाच जास्त होतो.

राहिली नावं. आम्ही पांढऱ्या सुती फितीवर जिनं तिनं आपल्या लिपीत नाव शिवायचं ठरवलं. बांगला, ओडिया, तेलुगू, देवनागरी, आणि जिला लिहिता येत नाही तिनं हवी ती खूण. ही फीत मागच्या अस्तराला लावायची, पण अस्तर गोधडीला जोडण्याआधी. नंतर लावली तर तिचे टाके पुढून दिसतात, आणि कुणाच्या तरी चौकोनात जातात.