मनगटावरचा पट्टा आणि परळचा पदपथ



परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरातील पदपथावर सकाळी जे दृश्य दिसते, ते नजरेसमोर ठेवल्यावाचून आजच्या विषयाला हात घालणे योग्य होणार नाही. बिहार, बंगाल, आसामपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतची माणसे तेथे वळकट्या आणि तपासण्यांच्या कागदांनी फुगलेल्या पिशव्या घेऊन बसलेली असतात. पुढच्या उपचाराची तारीख आठवड्यानंतरची असते. गावी जाऊन परत येण्याइतके पैसे गाठीला नसतात आणि या महानगरात ओळखीचे एकही दार नसते. सर दोराबजी टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखाची पार्श्वभूमी या कार्याला होती. १९६२ पासून ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे. तेथे निम्म्याहून अधिक रुग्णांवर विनामूल्य वा अत्यल्प दरात उपचार होतात. औषधाचा प्रश्न पुष्कळ अंशी असा सुटतो. मात्र उपचार सुरू असेपर्यंत रुग्णाने व त्याच्या सोबत्याने मुंबईत कोठे राहावे आणि काय खावे, हा प्रश्न रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच उभा राहतो.

आता या पदपथावरून दृष्टी थोडी दूर न्यावी. २००४ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत एक पिवळा सिलिकॉनचा पट्टा विक्रीस आला. किंमत एक डॉलर. त्यावर ‘लिव्हस्ट्राँग’ हा शब्द कोरलेला होता. लान्स आर्मस्ट्राँग या सायकलपटूला १९९६ साली कर्करोग झाला. तो रोग फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत पसरूनही तो त्यातून उठला आणि १९९९ पासून सलग सात वर्षे ‘तूर द फ्रान्स’ ही जगातील सर्वांत कठीण मानली जाणारी सायकल शर्यत त्याने जिंकली. त्या शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याच्या अंगात पिवळी जर्सी असते, म्हणून पट्टाही पिवळा. ‘नायकी’ कंपनीने प्रारंभी पन्नास लाख पट्टे काढले. पुढे हा आकडा आठ कोटींच्या वर गेला. खेळाडू, नट आणि राजकारणी यांच्या मनगटांवर तो दिसू लागला आणि पाहता पाहता प्रत्येक रोगाला, प्रत्येक सत्कार्याला आपापल्या रंगाचा पट्टा मिळाला. नकली पट्ट्यांचाही सुकाळ झाला. मनगट सजले, पण त्यातला छदामही कोणा रुग्णापर्यंत पोहोचला नाही, अशी उदाहरणे जगभर घडली.

आणि मग मूर्ती भंगली. उत्तेजक द्रव्यांविषयीच्या अमेरिकी यंत्रणेचा सविस्तर अहवाल ऑक्टोबर २०१२ मध्ये बाहेर आला. आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि त्याने आपल्याच प्रतिष्ठानचे अध्यक्षपद सोडले. जानेवारी २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्याने अपराधाची कबुली दिली. त्याच वर्षी ‘नायकी’नेही अंग काढून घेतले. प्रतिष्ठान मात्र टिकले. कर्करोगग्रस्तांना मार्गदर्शन करण्याचे त्याचे काम चालू राहिले. ज्या लक्षावधी सामान्य माणसांनी श्रद्धेने डॉलर दिला, त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. परंतु एका माणसाच्या पराक्रमावर सेवाकार्याचे छत उभारले, की तो खांब हलल्यावर छतही हलते. व्यक्तिपूजेविषयी सावध राहण्याची शिकवण मिळालेल्या कार्यकर्त्याला हे वेगळे सांगायला नको.

याच अमेरिकेत दुसरे एक उदाहरण आहे, ज्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. बिली स्टार नावाच्या तरुणाची आई १९७४ साली त्वचेच्या कर्करोगाने गेली. १९८० साली त्याने छत्तीस जण गोळा केले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातून सायकलयात्रा काढली. प्रत्येकाने आप्तमित्रांकडून देणगी मिळवायची आणि ती बॉस्टनच्या डॅना-फार्बर कर्करोग संस्थेला द्यायची, एवढाच नियम. पहिल्या वर्षी जमले सुमारे दहा हजार डॉलर. ‘पॅन-मॅस चॅलेंज’ या नावाची ही यात्रा अजून दरवर्षी निघते. २०२४ पर्यंत तिने संस्थेला दिलेली एकूण रक्कम शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेली. महत्त्वाची गोष्ट अशी, की सायकलस्वारांनी गोळा केलेला प्रत्येक डॉलर संपूर्णपणे संस्थेकडे जातो. यात्रेचा खर्च प्रवेशशुल्कातून आणि प्रायोजकांकडून वेगळा उभा राहतो. येथे नायक कोणी नाही. असलाच तर हिशेब आहे.

ही कल्पना परकी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड महाराष्ट्र अगदीच विसरलेला नसावा. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा, अशी ती योजना. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशाचे मोल ते काय? पण देणाऱ्याला तो कारखाना आपला वाटत असे आणि मागणाऱ्याला लाज वाटत नसे. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून चाललेला गणेशोत्सव काय किंवा लालबाग-परळच्या गिरणगावातली मंडळे काय, त्यांचा पायाही अशीच घरटी वर्गणी हाच होता. लालबागच्या राजाचे मंडळ आज डायलिसिस केंद्र चालवते, हा त्याच वर्गणीचा पुढचा प्रवास म्हणावा लागेल. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनी छातीवर लावला जाणारा कागदी ध्वज १९४९ पासूनचा. पट्ट्याची ही थोरली भावंडे! फरक इतकाच, की ध्वज संध्याकाळपर्यंत सुकून जाई, सिलिकॉन काही केल्या सुकत नाही.

सायकलचे म्हणाल, तर महाराष्ट्रातही नाव घेण्यासारखे उदाहरण आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे बंधू जून २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत उतरले. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, मध्ये वाळवंट आणि रॉकी पर्वत. दोघांनी आळीपाळीने, अहोरात्र सायकल हाकत ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यांच्या संघाचे नावच ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ होते, कारण नाशिक जिल्ह्यातील वनवासी बांधवांच्या नेत्रसेवेकडे समाजाचे लक्ष वेधावे, हा हेतू होता. व्यवसायाने डॉक्टर असलेली माणसे आधी स्वतःचा घाम गाळतात आणि मग समाजापुढे हात पसरतात, तेव्हा त्या हाताला वजन येते.

मुंबईत पहाटे मरीन ड्राइव्हवर सायकलींचे जथे निघतात. त्यांतल्या काही सायकलींची किंमत लाखाच्या घरात असते, हे कोणी सांगायला नको. (याच शहरात टपालवाले आणि डबेवाले वर्षानुवर्षे ओझी लादून सायकल हाकत आले, त्यांच्या मनगटावर पट्टा बांधायला कोणी गेले नाही.) या तरुणांची चेष्टा करण्यात मात्र अर्थ नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून धावते आहे आणि तिच्या निमित्ताने अनेक सेवासंस्थांना मोठा निधी मिळतो. उत्साह आहे, पैसा आहे. प्रश्न एवढाच, की तो परळच्या पदपथापर्यंत पोहोचतो का?

पोहोचवणारे हात त्या पदपथाजवळच आहेत. नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून परळला बाहेरगावच्या रुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची नाममात्र शुल्कात राहण्याची सोय करते. जोडीला अल्प दरात डायलिसिस आणि तपासण्याही होतात. दादर पूर्वेला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांनी भरलेली असते. बाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांपैकी एकीतही बिऱ्हाड केले नाही. हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत न्यासाने टाटा रुग्णालयाच्या दारातल्या रुग्णांना अन्न देण्याचे काम अनेक दशके चालवले आणि त्यासाठी घरोघरची रद्दी गोळा करण्याचा मार्गही स्वीकारला. रद्दीला घोषवाक्य लागत नाही. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड संस्थेने २००६ पासून निवासाची व्यवस्था उभी केली. कोणी कोणत्या पंथाचे नाव घेऊन सेवा करतो, हे त्या आजारी लेकराच्या आईला विचारावेसे वाटत नाही आणि दात्यानेही त्यावर अडून बसू नये.

म्हणून पट्टा विकत घेताना किंवा सायकलयात्रेला देणगी देताना थोडी चौकशी करावी. त्यात संकोच कसला? एका पट्ट्यामागे किती रुपये संस्थेला जातात? कोणत्या संस्थेला? ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? आयकर सवलतीसाठीची पावती मिळेल का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे ४१-क हे कलम असे आहे, की नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा केले तर धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. गणेशोत्सव मंडळांना हे कलम चांगले ठाऊक असते. सोसायटीत सायकलयात्रा काढणाऱ्या उत्साही तरुणांना बहुधा नसते. याच कायद्यातील दुसरी तरतूद तर घराघरांत ठाऊक असायला हवी. कलम ४१-कक आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. त्यासाठी देयकांच्या रकमेतून दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. कित्येक कुटुंबे दागिने मोडतात, भ्रमणध्वनीवरून मदतीची आवाहने फिरवतात आणि ज्या रुग्णालयात रुग्ण आहे तेथेच आपला हक्काचा अर्ज द्यायचा असतो, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही. शाखेतल्या वा मंडळातल्या एखाद्या कार्यकर्त्याने वरळीच्या धर्मादाय कार्यालयाची पायरी एकदा चढून ही माहिती नीट करून घेतली, तर त्याची किंमत हजार पट्ट्यांहून अधिक होईल.

आणि ज्याच्यापाशी पैसा नाही, पण पहाटे पन्नास किलोमीटर सायकल चालवण्याइतके निरोगी शरीर आहे, त्याच्याकडे मागण्यासारखी आणखी एक वस्तू आहे. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या रक्तातील प्लेटलेट पेशी झपाट्याने घटतात आणि बाहेरगावहून आलेल्या त्या माणसाला मुंबईत रक्तदाता सापडत नाही. दात्याला यंत्राजवळ तास-दीड तास बसावे लागते. काढलेल्या पेशी पाच दिवसांच्या आत वापराव्या लागतात, साठवून ठेवता येत नाहीत. दिवाळीत आणि मे महिन्यात, मुंबईकर गावी गेले की, ही चणचण फार जाणवते. मरीन ड्राइव्हहून परळ सायकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे.