पेशवाईच्या दप्तरातील कुणबिणी

गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाचे मळे उभे राहतात. परंतु त्याच देशाच्या उत्तरेकडील वसाहतींत, विशेषतः न्यूयॉर्कसारख्या शहरी, ही प्रथा मुदपाकखान्यात आणि माजघरातही मुरलेली होती, आणि तिचा कायदेशीर शेवट होण्यास तेथे १८२७ साल उजाडावे लागले. हे माजघरातले दास्य आपणांस परके नाही.

१६७७ साली कर्नाटकाच्या स्वारीत शिवाजी महाराजांनी वलंदेजांना, म्हणजे डचांना, दिलेल्या कौलात माणसांच्या खरेदी-विक्रीस साफ मनाई केली. पुढे शंभर वर्षांच्या आतच, त्याच राज्याचा कारभार पुण्यातून चालू असता, सरकारी कोठ्यांत, पागांत, किल्ल्यांवर, दारूखान्यांतसुद्धा कुणबिणी, म्हणजे दासी, राबत होत्या. कोणी दुष्काळात आईबापांनी विकलेली, कोणी लमाणांनी दूरदेशाहून आणलेली, तर कोणी शिंदळकीच्या आरोपावरून सरकारनेच दास्यात ढकललेली. या तिसरीचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते. कारण न्याय करणारा आणि त्या न्यायाने फुकट मजूर मिळविणारा, दोघेही एकच! खासगी घरी दळणकांडण, सारवणे, पाणी भरणे हे कुणबिणीचे काम. अन्नपाण्याला तिचा हात लागे, म्हणून विकत घेताना रूपगुणांआधी जातीची चौकशी होई, आणि पुढे ती अस्पृश्य निघाली तर तिच्या हातचे घेतलेल्या घराला प्रायश्चित्त पडे. तिचे काय होई, हा प्रश्न त्या व्यवहारात गौण होता. म्हातारपणी, अथवा बदली माणूस वा रक्कम दिल्यास, क्वचित सुटका होई. आपल्याकडे दासीला घरच्यासारखे वागवीत, असे समाधान पुष्कळांनी करून घेतले आहे. घरच्या माणसाची किंमत कोणी ठरवीत नाही, एवढेच त्यावर म्हणावेसे वाटते.

आज पिंपरीहून पुण्याकडे येताना दापोडीचा पूल ओलांडला की खडकी लागते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी त्याच परिसरात पेशव्यांचा पराभव झाला आणि पुढे अंमल ईस्ट इंडिया कंपनीचा आला. पण कुणबिणीची स्थिती लगेच पालटली नाही. इंग्लंडने १८३३ साली आपल्या वसाहतींसाठी केलेल्या मुक्तीच्या कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळला होता. १८४३ च्या पाचव्या कायद्याने एवढेच झाले, की दासावरील हक्क कोर्टात चालेनासा झाला. पळून गेलेल्या कुणबिणीला परत आणण्यासाठी धन्याला आता फिर्याद करता येईना. माणूस गुलाम म्हणून विकत घेणे वा विकणे हा गुन्हा मात्र १ जानेवारी १८६२ पासून, दंडसंहिता अमलात आल्यावर ठरला.