एका घरगुती संगणकाची कथा



संगणकासारख्या विषयावर बोलायला आमच्यासारखा कामगार-कार्यकर्ता उभा राहावा, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडेबहुत कळते ते पुस्तके मागून आणून आणि जाणत्यांना विचारून. पण ज्या यंत्राच्या नावाने आमच्या माणसांचा हिशेब होतो, त्याचा इतिहास आम्ही वाचायचा नाही, तर कोणी वाचायचा?

आरंभ आपल्या महाराष्ट्रापासूनच करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या तुकडीने बांधलेला संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ साली त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा अवजड यंत्राजवळ सामान्य माणसाचे काय काम? यंत्र संस्थेचे आणि त्याची किल्लीही संस्थेच्याच हाती. पुढे कचेऱ्यांत संगणक आले तेही याच थाटात आले. म्हणून आयुर्विम्यातील आणि बँकांतील कर्मचाऱ्यांनी त्यांना विरोध केला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँका यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. तो विरोध वेडेपणाचा होता, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही; पोटाची धास्ती खरी होती. परंतु आमच्या चळवळीने एकच प्रश्न मोठ्याने विचारला, की माणसे किती कमी होणार? हे यंत्र आमच्या माणसांना शिकवणार कोण, हा दुसरा प्रश्न मागे राहिला.

हा दुसरा प्रश्न त्याच सुमारास इंग्लंडात विचारला गेला, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊ. नव्या चिपमुळे रोजगाराचे काय होणार, ही चिंता तिथेही होतीच. बीबीसीने ठरवले की दूरचित्रवाणीवरून लोकांना संगणक शिकवायचा आणि शिकताना हाताशी असावे असे एक स्वस्त यंत्रही बाजारात आणायचे. केंब्रिजच्या एकॉर्न या लहानशा कंपनीला नमुना दाखवण्यासाठी जेमतेम आठवडा मिळाला. कंपनीचे एक संस्थापक हर्मन हाउझर यांनी सोफी विल्सन यांना सांगितले, “स्टीव्ह फर्बर म्हणतात हे जमेल,” आणि फर्बर यांना सांगितले, “विल्सन म्हणतात जमेल!” दोघे कामाला जुंपले गेले आणि शुक्रवारी सकाळी नमुना चालू झाला.

हाच ‘बीबीसी मायक्रो’. तो १९८१ च्या अखेरीस विक्रीला आला आणि जानेवारी १९८२ मध्ये मालिका सुरू झाली. त्याच्या मोठ्या नमुन्याची किंमत आरंभी ३३५ पौंड होती, ती लवकरच ३९९ झाली. स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तीत मावणार नाही. सुमारे १२,००० यंत्रे खपतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात १० लाखांहून अधिक खपली. शाळांसाठी निम्मा खर्च तिथल्या सरकारने उचलला.

पण आम्हाला मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच. बटण दाबले की पडदा जवळजवळ कोरा असे आणि यंत्र हुकमाची वाट पाहत थांबे. ‘बेसिक’ ही भाषा त्याच्या पोटातच होती. पोराने दोन ओळी लिहिल्या की यंत्र पाढा म्हणू लागे. ओळ चुकली तर पाढाही चुके. यंत्र स्वतःच्या मनाने काही करीत नाही, कोणीतरी लिहिलेले ते पाळते, हे त्या पोराला दहाव्या वर्षीच कळून जाई.

हेच यंत्र १९८४ साली भारतात आले. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेत ते प्रारंभी सुमारे अडीचशे शाळांत बसवले गेले. पण देश केवढा आणि शाळा किती! त्यात यंत्राचे हुकूम इंग्रजी. आमच्या वयाची, तेव्हा शाळेत असलेली वा शाळा सुटलेली खेड्यापाड्यांतली पोरे त्या वाटेलाच गेली नाहीत. पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि ‘एमएस-सीआयटी’मुळे लाखो लोक संगणकासमोर बसले. हे काम मोठेच झाले. मात्र तिथे भर यंत्र वापरण्यावर होता, त्याच्या पोटात डोकावण्यावर नव्हता.

डोकावले नाही तर काय होते, ते सांगतो. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कोयते ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपणांस सांगायला नको. एका जोडप्याची उचल हंगाम संपला तरी फिटेना. मुकादमाने छापील कागद पुढे केला. “संगणकाने काढलेला हिशेब आहे, तो कसा चुकेल?” जोडपे गप्प झाले, आणि खरे सांगायचे तर आम्हीही क्षणभर गप्पच झालो. त्यांचा मुलगा तेवढा बोलला, “बेरीज कोणकोणत्या खान्यांची घेतली ते दाखवा.” ते पाहिले, तेव्हा मागच्या वर्षाची बाकी दोनदा धरलेली निघाली. यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याला जे सांगितले, ते त्याने केले.

कथेचा शेवट अजून राहिला आहे. बीबीसी मायक्रोच्या त्याच जोडीने, विल्सन आणि फर्बर यांनी, पुढे ‘आर्म’ ही नवी चिप आखली. ती २६ एप्रिल १९८५ रोजी प्रथम चालली, आणि तिची चाचणी बीबीसी मायक्रोला जोडूनच झाली. ती वीज फार थोडी खाई. तिच्याच वंशातल्या चिपा आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. म्हणजे फडातल्या कोपीत, चुलीशेजारी, त्या घरगुती संगणकाचे नातवंड येऊन बसले आहे. यंत्र पोहोचले, त्याच्याबरोबर निघालेले शिक्षण मात्र वाटेतच राहिले.

म्हणून आमची विनंती मोठी नाही. गावच्या वाचनालयात, युनियनच्या कचेरीत, साखरशाळेत एक जुना का होईना संगणक ठेवा, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ पोरांना त्याच्यावर हिशेब मांडायला, तपासायला आणि चूक काढायला शिकवा. तेही मराठीतून. ज्याला बेरीज कशी झाली हे विचारता येते, त्याला कागद दाखवून कोणी गप्प बसवू शकत नाही.