चिठ्ठी पोहोचली का?

संमेलनाध्यक्ष महोदय, जमलेले डॉक्टर, आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि आशाताईंनो,

स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपलं मनापासून स्वागत. भोर-जुन्नरहून पहाटेची एसटी धरून आलेल्या आशाताईंचं सर्वांत आधी.

आपल्या संमेलनाचा, म्हणजे वजनाचा, विषय पुण्याला नवा नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. “मी कुठे जाड आहे?” असं विचारणाऱ्या पेशंटला मी अजूनही तो फोटो दाखवतो. आपल्याकडे स्थूलपणाची रेघ बीएमआय ३० ऐवजी २५ वर आखतात, ती उगाच नव्हे.

आशाताई तिशी ओलांडलेल्यांची कंबर टेपने मोजतात. बाईची ८०, पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की आजारांचा धोका मोजणाऱ्या फॉर्मवर गुण चढतात. मोजणं आपल्याला जमलं. अडतं त्यानंतर.

पोळ्या लाटून घर चालवणारी माझी एक पेशंट. मधुमेह, गुडघे धरलेले. मी तिला मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. वर्षाने आली तेव्हा चिठ्ठी पिशवीत तशीच. “गेले होते हो डॉक्टर. आज तो वार नाही म्हणाले.” तिचा दिवसाचा रोज बुडाला. ती पुन्हा गेली नाही, आणि वर्षभर मला त्याचा पत्ताही नव्हता. ही गोष्ट मला अजून टोचते.

इंग्लंडमध्ये मात्र २०२१ पासून स्थूलपणासोबत मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांचं नाव दवाखान्यातूनच ऑनलाइन पुढे जातं आणि वजन कमी करण्याचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम त्यांना फोनवर मिळतो. औषधाच्या दुकानातूनही नाव पाठवता येतं. आपल्याकडे ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेमुळे गावातला पेशंट स्क्रीनवरून तज्ज्ञापुढे बसू लागलाच आहे. वजनाची चिठ्ठीही त्याच वाटेने जावी. वार आणि वेळ ठरल्यावरच पेशंट घरी जावा, आणि तो पोहोचला नाही तर ते आपल्याला कळावं. एक मात्र विसरू नका: पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. म्हणून वार-वेळेचा निरोप आशाताईंनाही गेला पाहिजे.

पहिल्या सत्रात त्याच बोलणार आहेत. पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. ताई, मागे बसू नका, पुढे या.