भोक बुजवलं की घनफळ वाढतं का?

(गणेशोत्सवातील छोटेखानी भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच मांडवात मी गाठींच्या भूमितीवर दहा मिनिटं बोललो होतो. नंतर प्रसादाच्या रांगेत नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, गाठीचं भोक बुजवलं की घनफळ वाढत असेल ना?" हातात द्रोण, मागून रेटारेटी. मी "हो, हो" म्हणून मोकळा झालो. उत्तर साफ चुकीचं होतं. वर्षभर टोचत राहिलं, म्हणून यंदा समितीकडे पुन्हा दहा मिनिटं मागून घेतली.

सह्याद्रीत दोर लावून चढलेल्यांना आठाची गाठ ठाऊक असेल. तिची दोन्ही टोकं एकमेकांना जोडा. आता सगळ्या अवकाशातून (अनंतावरचा एक बिंदू त्यात धरून) या गाठीच्या वाटेनं एक नळी कोरून काढली असं समजा. उरलेल्या जागेची कड सायकलच्या ट्यूबसारखी असते. या जागेत हायपरबोलिक भूमिती बसते, म्हणजे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशांहून कमी भरणारी. रॉबर्ट रायली यांनी हे 1970च्या दशकात दाखवलं. विल्यम थर्स्टन यांनी तर हीच जागा फक्त दोन नियमित चतुष्फलकं जोडून उभी केली. त्यांचे कोपरे अनंतावर असतात, म्हणून कडही अनंतात निसटते. तरी घनफळ मोजकंच, 2.0298.

आता बुजवायचं कसं? मेदूवड्यासारखा भरीव तुकडा घेऊन त्या कडेला चिकटवायचा. मॅक्स डेन यांची ही 1910ची युक्ती. पण चिकटवण्याच्या तऱ्हा अनंत आहेत! वडा एका ठिकाणी कापला तर गोल चकती दिसते. तिचा काठ कडेवर किती वेळा नळीभोवती आणि किती वेळा गाठीच्या लांबीनं फिरवायचा, ते आपण ठरवायचं. काढलं तसंच परत ठेवलं तर मूळचं अवकाश मिळतं आणि हायपरबोलिक भूमिती जाते. थर्स्टन यांचं प्रमेय सांगतं की मोजक्या तऱ्हा सोडल्या तर बाकी सगळ्यांत ती टिकते. आठाच्या गाठीत अशा नेमक्या 10 तऱ्हा वाया जातात. एकच कड असलेल्या कुठल्याही हायपरबोलिक जागेत 10 हून जास्त वाया जात नाहीत, हे लॅकनबी आणि मायरहॉफ यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलं.

आता त्या मुलीचा प्रश्न. आपल्याला वाटतं, पंक्चरला ठिगळ लावलं, बाकी ट्यूब होती तशीच. इथे तसं होत नाही. ठिगळ बसावं म्हणून दोन्ही चतुष्फलकं सगळीकडून वाकडी व्हावी लागतात. आणि अशा चतुष्फलकांत सर्वात जास्त घनफळ नियमिताचंच, 1.0149. म्हणजे वाकडं झालं की घटणारच. चकतीचा काठ नळीभोवती 5 वेळा आणि लांबीनं एकदा फिरवला तर घनफळ उरतं 0.98, निम्म्याहूनही कमी. फेरे वाढवत नेले तर ते 2.0298 च्या हवं तितकं जवळ जातं, पण गाठत मात्र कधीच नाही.

मुलगी आज दहावीच्या क्लासला गेली आहे म्हणे. आईबाबा समोर बसलेत, त्यांनी कृपया निरोप द्यावा: घटतं. काकांचं चुकलं होतं.