शकल आणि शक्कल

दिल्लीतल्या आर. के. पुरममध्ये बसून वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग पारिभाषिक शब्द घडवतो. हीच खटपट जयपूरच्या सवाई जयसिंहांच्या पदरच्या, महाराष्ट्रीय मानल्या जाणाऱ्या जगन्नाथ सम्राटांनी अठराव्या शतकात केली. अरबीतला युक्लिड त्यांनी ‘रेखागणित’ नावानं संस्कृतात आणला : 15 अध्याय, 478 ‘शकलं’ (प्रमेयं). अरबी ‘शक्ल’ म्हणजे आकृती; संस्कृत ‘शकल’ म्हणजे तुकडा. काय जोडी जमवली! आपली ‘शक्कल’ही त्याच घराण्यातली.

तिकडे रोमच्या मेदिची छापखान्यानं तर 1594 मध्येच युक्लिड चक्क अरबीत छापला होता. पुढे युरोपातलं ज्ञानही इकडे आलं : जयसिंहांची माणसं पोर्तुगालहून फ्रेंच खगोलज्ञ ला इर यांची ग्रहकोष्टकं घेऊन आली. वेध घेऊन पडताळली, तर चंद्र अर्धा अंश चुकलेला!